रविवारची फाइल

आईने उभं आयुष्य औषधाच्या दुकानात काउंटरमागे काढलं, लोकांना गोळ्या मोजून दिल्या, आणि स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र रोज चुकवली. गिऱ्हाइकांना ती दटावायची, की जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर, दुपारच्या झोपेनंतर नव्हे. घरी आली की स्वतःचं पाकीट साखरेच्या डब्यामागे सरकवून ठेवायची. पाकिटावरचं बारीक अक्षर ज्याला वाचता येतं त्यालाच गोळीची धास्ती जास्त, असा तिचा बचाव. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

दादाने यावर जो उपाय काढला तो त्याच्या धंद्यातला होता. सुताराच्या पोराने आईला पाट करून द्यावा तसं त्याने तिला जावास्क्रिप्टमध्ये एक छोटं फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा प्रोग्रॅम, लिहून दिलं आणि क्लाउडवर, म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या भाड्याच्या संगणकावर, ठेवलं. रोज सकाळी सातला ते जागं व्हायचं, आईला फोन लावायचं, त्या दिवसाच्या वाराची ध्वनिफाइल वाजवायचं आणि परत झोपायचं. फाइलमध्ये आवाज दादाचाच. सोमवारी म्हणायचा, "आई, गोळी घे. घेतली असं म्हणू नकोस, घे." गुरुवारी नुसताच खाकरायचा आणि म्हणायचा, "समजलं ना?" सात वार, सात फाइली, आणि आईला पळवाट एकही नाही.

असल्या फंक्शनला सर्व्हरलेस म्हणतात. सर्व्हर नसतो असं मुळीच नाही. असतो, पण तो कुठे आहे आणि कुणाचा आहे याची पंचाईत आपण करायची नसते. दादा समजावून सांगताना मामाचं उदाहरण द्यायचा. मामा दिवसभर पलंगावर आडवा असतो, हाक मारली की टुणकन उठतो, ताट साफ करतो आणि पुन्हा आडवा. फंक्शनचंही तेच, फक्त ते उठल्यावर काम करतं. मामासमोरही तो हेच सांगायचा, आणि मामा मान डोलवायचा.

धाकट्या बहिणीला या धंद्यात दादानेच ओढलं. पहिली नोकरी त्याच्या ओळखीने, पहिल्या शिव्याही त्याच्याच. दोघांच्या स्वभावात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. दादाच्या टेबलावर तीन दिवसांचे कप, आणि कोडमध्येही तीन वर्षांचे. धाकटीला पसारा बघवत नसे. कुठे काही जास्तीचं दिसलं की तिचा हात शिवशिवायचा. तिच्या ऑफिसात लोक आपल्या फाइली तिच्यापासून लपवून ठेवतात अशी थट्टा होती, आणि ती निव्वळ थट्टा नव्हती.

दादाने तिला शिकवलेल्या नियमांत एक डब्याचा नियम होता. आपण लिहितो तो मूळ कोड म्हणजे घरातलं धान्य, ते जिवापाड जपायचं. त्यातून बांधून क्लाउडवर पाठवतो ते बंडल म्हणजे जेवणाचा डबा. सकाळी भरायचा, दुपारी संपवायचा, संध्याकाळी घासून पालथा घालायचा. धान्य घरात असलं की डबा उद्या पुन्हा भरता येतो. जुना डबा कपाटात जपून ठेवणारा माणूस प्रोग्रामर नव्हे, भिकारी, असं दादाचं वचन. धाकटीने ते मनावर घेतलं होतं. तिच्या स्वभावाला सोयीचंच होतं ते.

दादा गेला त्याला आता वर्ष उलटलं होतं. आजारपण लांबलं नाही. दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. ही बातमी सगळ्यांना कळवली गेली, फक्त फंक्शनला कुणी कळवली नाही. ते आपलं रोज सातला उठून फोन लावत राहिलं.

मावशीला हे पसंत नव्हतं. गेलेल्या माणसाचे फोन घेणं बरं नव्हे, असं तिने आईला बजावून पाहिलं. आई म्हणाली, "जे आहेत त्यांचे येतात कुठे?" त्यानंतर मावशी आठवड्यातून एकदा न चुकता फोन करू लागली, म्हणजे त्या बोलण्याचा काही उपयोग झाला म्हणायचा.

आई काही खुळी नव्हती. आपण यंत्राशी बोलतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ती बोलायची. घेते रे, घेतली, आज गुडघा जरा बरा आहे, असं काहीबाही. तिचं वाक्य संपायच्या आत फोन कट व्हायचा तेव्हा म्हणायची, हा जिवंतपणीही असाच, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं माहीतच नाही.

धाकटी दादा गेल्यावर भाड्याची खोली सोडून आईकडे राहायला आली. सातच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात असायची, आणि बाहेर फोन वाजला की सिंकचा नळ पूर्ण सोडायची. भांडी असोत नसोत, पाणी धो धो वाहत असायचं. भावाचा आवाज आपल्या कानावर पडू नये एवढ्यासाठीच. आई एरवी टपटपणाऱ्या नळासाठी अंथरुणातून उठणारी बाई. पण या नळाबद्दल तिने वर्षभरात चकार शब्द काढला नाही. फोन ठेवला की ती आत यायची, धाकटी नळ बंद करायची, आणि दोघी चहा घ्यायच्या.

मग एक दिवस क्लाउडच्या कंपनीची मेल आली. इंजिनाच्या ज्या आवृत्तीवर दादाचं फंक्शन चाललं होतं ती जुनी झाली होती आणि महिनाअखेरीला बंद होणार होती. कोड नव्या आवृत्तीसाठी दुरुस्त करून, पुन्हा बांधून, पुन्हा चढवला नाही तर फंक्शन उठणार नाही.

धाकटीने हे जेवताना सहज सांगावं तसं सांगितलं. आईचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तो बंद पडणार?"

"नाही गं. मी नीट करते. रविवारी बसते."

"नक्की?"

"आई, रोज हेच करते मी ऑफिसात."

रविवारी सकाळी फोन आला, नळ सुटला, फोन संपला, नळ बंद झाला. चहा झाल्यावर धाकटीने जेवणाच्या टेबलावर दादाचा लॅपटॉप उघडला. कीबोर्डच्या फटीत बिस्किटाचा चुरा तसाच होता. तिने तो आधी ब्रशने काढला, मग कामाला लागली.

कोड दादाच्या वळणाचाच होता, म्हणजे चालणारा आणि न कळणारा. पण त्यातली एक खोच तिने पाहिल्याबरोबर ओळखली. बंडल बांधणारा प्रोग्रॅम मोठा हिशेबी असतो. तो पहिली फाइल उघडतो, ती कुणाला हाक मारते ते बघतो, ते पुढे कुणाला हाक मारतात ते बघतो, आणि ज्यांना हाक आली तेवढ्यांनाच डब्यात घेतो. ज्याला कुणी हाक मारत नाही तो मागे राहतो, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. दादाने आवाजाच्या फाइलींची नावं कोडमध्ये सरळ लिहिलीच नव्हती. आज कोणता वार आहे ते बघायचं, त्याला शेपूट जोडून नाव तयार करायचं, आणि त्या नावाची फाइल ऐनवेळी शोधायची. बांधणाऱ्याला या हाका ऐकूच जाणार नव्हत्या. तो कोड घेणार, आणि आवाज घरी ठेवून जाणार. आपल्या लॅपटॉपवर टेस्ट करताना ही चूक दिसतही नाही, कारण फाइली शेजारच्याच फोल्डरमध्ये असतात. घरात सगळं हाताशी असतं. परगावी गेल्यावरच कळतं डब्यात काय घालायचं राहिलं. तिच्या ऑफिसातले निम्मे लोक या खड्ड्यात एकेकदा पडलेले होते.

धाकटी पडली नाही. सातही फाइली नावानिशी बंडलमध्ये घ्यायला तिने सांगितलं, बंडल बांधलं, आणि ते एका कोऱ्या फोल्डरमध्ये उघडून तिथेच चालवलं, म्हणजे शेजाऱ्याकडून उसनं मागायची सोयच राहिली नाही. मग एकेक खोटा निरोप त्याला दिला. समज, आज सोमवार आहे आणि सात वाजले आहेत. फंक्शन उठलं, फाइल सापडली, फाइल रिकामी नव्हती, फोनच्या सेवेकडे रवाना झाली. हिरवी खूण. समज, आज मंगळवार आहे. हिरवी खूण. रविवारपर्यंत सगळ्या खुणा हिरव्या.

हे चाललं असताना लॅपटॉपचा आवाज तिने शून्यावर ठेवला होता. फाइल आहे की नाही एवढं बघायला ती ऐकावी लागत नाही.

आई दोन कप घेऊन आली, खुर्ची ओढून बसली, आणि जरा वेळाने म्हणाली, "मला ऐकव की एकदा."

"अगं, सगळं हिरवं आलंय. ऐकायचं काय त्यात?"

"हिरवं आलं म्हणजे तो बोलला?"

"हो, तेच."

आईने आणखी आग्रह केला नाही. स्वतःचा कप उचलून ती गॅलरीत गेली. धंद्यातल्या माणसाला धंद्यातलं शिकवू नये हे ती काउंटरवर शिकली होती.

धाकटीने नवं फंक्शन चढवलं. जुनं तसंच ठेवलं असतं तर महिनाअखेरीपर्यंत रोज दोन दादांचे दोन फोन आले असते. फक्त थांबवून ठेवता आलं असतं, पण थांबवलेली जुनी वस्तू म्हणजेच पसारा. तिने जुन्या फंक्शनचं पान उघडलं. त्यावर नाव, आकार, आणि शेवटचा बदल केल्याची तारीख. डिलीट दाबल्यावर पडद्याने विचारलं की हे कायमचं आहे, खात्री असेल तर नाव टाइप करा. तिने नाव टाइप केलं. डबा घासून पालथा घातला.

पुढचा आठवडा झकास गेला. सोमवारचा दादा आला, मंगळवारचा आला, गुरुवारी खाकरला. मावशीचा फोन आला तेव्हा आईने तिला सांगितलं की धाकटीने दादाला नीट केलं. आत बसून ते ऐकताना धाकटीला ऑफिसातल्या कुठल्याही बढतीपेक्षा बरं वाटलं.

रविवारी सातला फोन वाजला. धाकटीने नळ सोडला. नळ बंद केला तरी आई आत आली नाही. धाकटी बाहेर गेली तेव्हा आई फोन मांडीवर ठेवून बसली होती, गोळी तळहातावर तशीच.

"हा रविवार जुना आहे," आई म्हणाली.

धाकटीला कळेना. रविवार जुना म्हणजे काय?

"आज रविवार, दुकानाला सुट्टी, गोळीला नाही. हे तो आधी म्हणायचा, बरा होता तेव्हा. दवाखान्यात गेल्यावर त्याने रविवार बदलला होता. मग तोच लागायचा. मागच्या रविवारीही तोच होता."

धाकटी म्हणाली, असं होणार नाही. धान्य घरात आहे, डबा त्यातूनच भरला. हे बोलत असतानाच तिच्या डोळ्यांसमोर ते पान आलं, शेवटचा बदल केल्याची ती तारीख. ती तारीख दादाच्या दवाखान्यातल्या दिवसांतली होती. डोळ्यांनी वाचली होती, तिने वाचली नव्हती.

आणि दुसरंही आठवलं. नळ्या लावलेल्या हाताने त्याने तिचा टॅब मागितला होता, थोडं काम आहे म्हणून. ती चिडली होती, आता कसलं काम, पडून राहा. तरी दिला होता. त्याने आपल्या फोनवर बोलून ठेवलं असणार, क्लाउडवरून जुना डबा उतरवला असणार, त्यात रविवारची फाइल बदलली असणार आणि डबा परत चढवून दिला असणार. लॅपटॉप घरी होता. मूळ फोल्डरमध्ये घालायचं बरा झाल्यावर बघू म्हणून राहिलं असणार. ज्या माणसाने तिला डब्याचा नियम शिकवला त्यानेच शेवटचं धान्य थेट डब्यात ठेवलं होतं. पसाऱ्याचा माणूस, जाताजाताही पसारा करून गेला.

धाकटीने शोधायचं ते सगळं शोधलं. लॅपटॉपचा कानाकोपरा धुंडाळला. टॅब पाहिला, तो तिने दादा गेला त्याच आठवड्यात आतून झाडून पुसून घेतला होता. दादाचा फोन शोधायला लांब जायला नको होतं, तो आईच्या मांडीवरच होता. दादा गेल्यावर आईचा जुना फोन टाकून तिने हा दिला होता, आत शिरून पार कोरा करून, म्हणजे आईला भलतंसलतं काही दिसून त्रास नको. कंपनीला मेल लिहिली. उत्तर अतिशय अदबीचं आलं. हटवलेलं फंक्शन परत आणता येत नाही, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आमच्या सेवेला किती गुण द्याल?

या सगळ्याचा जमाखर्च मांडायला ती बसली असती तर तो एका ओळीत संपला असता. भावाचं शेवटचं बोलणं वर्षभर दर रविवारी शेजारच्या खोलीत येऊन उभं राहत होतं, आणि तिने दर रविवारी त्यावर पाणी सोडलं होतं.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला निदान उत्तर देता येतं. तिने गोळी पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाली, असू दे, तुला काय माहीत.

पुढच्या रविवारी आईने सातच्या आधी फोन बंद करून ठेवला. बाकीचे सहा दिवस तिने घेतले, रविवार घेतला नाही. जुना दादा तिला नको होता असं नाही. पण नव्याच्या जागी जुना ऐकवत नव्हता. धाकटी स्वयंपाकघरात सातची वाट बघत उभी राहिली. फोन वाजला नाही, तेव्हा नळाचं काय करायचं तिला समजेना. ती बाहेर येऊन आईजवळ बसली.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं. विचारायला तिला सगळा आठवडा लागला होता.

"काय म्हणायचा गं तो? नव्या रविवारी?"

आई तिच्याकडे बघत राहिली. औषधाची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसं, हे औषध याला झेपेल का अशा नजरेने. मग म्हणाली, "म्हणायचा, आई, मी इथे बरा आहे. नर्स तुझ्यासारखीच आहे, बारीक अक्षर वाचून दाखवते. गोळी घे."

"एवढंच?"

"एवढंच. दम लागत होता त्याला."

धाकटी रडली. आईने रडू दिलं, आणि मग तिच्याच ओढणीने तिचं नाक पुसलं.

त्यानंतर दर रविवारी हेच सुरू झालं. सात वाजले की धाकटी येऊन बसायची, आई रविवार सांगायची, आणि मग गोळी घ्यायची. पण माणसाच्या तोंडी ठेवलेली गोष्ट कोऱ्या फोल्डरमध्ये राहत नाही, घरातलं सगळं तिला हाताशी असतं. दुसऱ्या खेपेला नर्सच्या जागी डॉक्टर आला. पुढे कधीतरी दादा खिडकीतून झाड दिसतं म्हणाला. मग मामाची चौकशी करून झाली. एका रविवारी आई मधेच अडली, पुढचं वाक्य तिला सापडेना. ती कपाळाला हात लावून बसली आणि म्हणाली, काल तर आठवत होतं. धाकटीने तिला त्या वाक्याची आठवण करून दिली, नर्सच्या, बारीक अक्षराच्या. आई म्हणाली, हो, तेच. पण म्हणताना तिच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती. त्या दिवशी धाकटीला कळलं की दादाचा खरा रविवार आता तिच्याजवळ होता, जिने तो कधी ऐकलाच नव्हता तिच्याजवळ, आणि आईजवळ जो होता तो आई दर आठवड्याला नव्याने बांधत होती.

ती हिशेबाची पोरगी. किती खरं, किती भरीचं, हे तिला ऐकता ऐकता वेगळं काढता येई. दम लागलेला माणूस एवढं बोलत नाही. फोन वाजून संपेपर्यंत तिची एक ताटली विसळून होत नसे, आणि आईचा रविवार आता चहा निवेपर्यंत चालू लागला होता. काढून टाकावं असं त्यात पुष्कळ होतं. तिचा हात शिवशिवला नाही.

मग एकदा, गोळी तळहातावर ठेवून, आई नेहमीच्या ठिकाणी थांबली नाही.

"आणि म्हणायचा, धाकटीला सांग. नळ बंद कर म्हणावं, पाणी वाया जातं. मी काही तुझ्यावर रागावलेलो नाही."

नळ दादाच्या हयातीतला नव्हता. तो गेल्यानंतरचा होता, आणि तो कशासाठी वाहतो हे या घरात एकाच माणसाला कळलं असणं शक्य होतं. आई गोळीकडे बघत होती. धाकटीच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही.

धाकटीने पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"बरं," ती म्हणाली. "आणि अजून काय म्हणायचा?"